उलटी होत असताना पाणी द्यावे काय?

मुलाला उलट्या सुरू झाल्या की घरात पहिला हुकूम सुटतो तो पाणी बंद करण्याचा. "पोटात ठरतच नाही, तर घालता कशाला?" हा युक्तिवाद मी आमच्या घरी ऐकला आहे, तसाच राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातल्या आजीबाईंकडूनही. तो वरवर पटतो, म्हणूनच घातक आहे. उलटी-जुलाबात मूल दगावते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने.

या संदर्भात १९७१ सालचे बनगावचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील या सीमेवरच्या गावी निर्वासितांची रीघ लागली आणि कॉलरा पसरला. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, पिंपे भरून ठेवली आणि पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपविले. शेकडा ३० पर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्याही खाली आले. साखर व मीठ योग्य प्रमाणात एकत्र आले म्हणजे आतडे ती दोन्ही शोषून घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही ओढले जाते. जुलाबातही आतड्याची ही शक्ती बहुतांशी शाबूत असते. जलसंजीवनीचे सारे रहस्य एवढेच.

आता उलटीचा प्रश्न. तहानलेले मूल पेला घटाघट पिते, ओकते, आणि घरचे ठरवितात की याला पाणी सोसत नाही. वास्तविक सोसत नाही ती घाई. उलटीनंतर दहा मिनिटे थांबावे, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्यावा. काम कंटाळवाणे खरे. रात्रभर बसावे लागते. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध मात्र बंद करू नये.

पुडीवर जितके पाणी छापलेले असेल तितकेच घ्यावे. कालवलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, म्हणजे पाच मिलिलिटरचा, पोह्यांचा नव्हे! मीठ जास्त झाले तर अपायच होतो. बाटलीतील गोड शीतपेये यासाठी निरुपयोगी. जुलाब असल्यास डॉक्टर १४ दिवस जस्ताचे औषध देतात, ते मध्येच सोडू नये. उलटी थांबविण्याची गोळी मात्र आपल्या मनाने देऊ नये.

डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात, लघवी सहा तास झाली नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसू लागली, तान्ह्याची टाळू खोल गेली, उलटी हिरवी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबू नये. मूल शुद्धीवर असेल तर वाटेतही चमचा चालू ठेवावा. ग्लानीत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.