माहितीचा अधिकार आणि मुदतीचे मोल

माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला. महाराष्ट्राने असा राज्य कायदा त्यापूर्वीच, २००२ साली केला होता. या अधिकाराचा उपयोग नागरिकाने कसा करावा, याचे बोधप्रद उदाहरण म्हणून मुंबईचे श्री. शैलेश गांधी यांच्या कार्याकडे पाहता येईल.

१९४७ साली जन्मलेल्या श्री. गांधी यांनी पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली व पुढे प्लॅस्टिक वेष्टनांचा उद्योग उभारला. २००३ साली तो विकून त्यांनी या अधिकारासाठी पूर्ण वेळ वाहून घेतले. पोलीस अधिकाऱ्यांच्या बदल्यांसाठी राजकीय पुढाऱ्यांनी केलेल्या शिफारशींची माहिती त्यांनी राज्य कायद्यान्वये चिकाटीने मिळविली.

सप्टेंबर २००८ ते जुलै २०१२ या काळात ते केंद्रीय माहिती आयुक्त होते. या अवधीत त्यांनी २० हजारांहून अधिक प्रकरणे निकाली काढली. बँकांच्या तपासणीविषयीची माहिती रिझर्व्ह बँकेने द्यावी, असे आदेशही त्यांनी दिले. सर्वोच्च न्यायालयाने ते डिसेंबर २०१५ मध्ये ग्राह्य धरले.

या कार्यातून घ्यावयाचा धडा मुदतीचा आहे. माल वेळेवर न मिळाल्यास गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. नागरिकाला मात्र दुसरे सरकारी कार्यालय निवडता येत नाही. रेशनची वा मजुरीची माहिती वर्षाने मिळाली, तर तिचा उपयोग उरत नाही. म्हणूनच कायद्याने ३० दिवसांची मर्यादा घातली आहे; प्रश्न जीविताचा वा व्यक्तिस्वातंत्र्याचा असल्यास ती ४८ तासांची आहे.

हा कायदा मध्य प्रदेशासही लागू असल्याने बालाघाट जिल्ह्यातील लांजी वा वारासिवनीच्या ग्रामस्थासही हाच हक्क आहे. अर्जात कारण देण्याची आवश्यकता नाही. ज्यास लिहिता येत नाही, त्याची तोंडी विनंती लिहून घेण्यास माहिती अधिकाऱ्याने साहाय्य करावयाचे असते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. मुदतीत उत्तर न आल्यास ३० दिवसांच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. सबळ कारणाविना विलंब करणाऱ्या माहिती अधिकाऱ्यास माहिती आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपयांपर्यंत दंड करू शकतो.

शिक्षकांनी असा अर्ज लिहिण्याचा पाठ वर्गात अवश्य घ्यावा. अधिकाऱ्यांनीही अर्ज स्वीकारताच त्यावर उत्तराची अंतिम तारीख नोंदवून ठेवावी. अपिलाची वेळच न येणे, यातच कायद्याचे खरे यश आहे.