कुंडीतील शेवंती : एका नव्या वाणाची जडणघडण

दसरा-दिवाळीपासून मार्गशीर्षातील गुरुवारांपर्यंत आपल्या घराघरांत जे फूल हमखास दिसते, ते म्हणजे शेवंती. नगर तालुक्यातील अकोळनेर किंवा पारनेर तालुक्यातील गावे पाहिलेल्या मित्रांना शेवंतीच्या पिवळ्या-पांढऱ्या वाफ्यांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. झिपरी, राजा, पिवळी रेवडी, पांढरी रेवडी ही नावे आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. परंतु ही सारी शेवंती रानातली. ती तोडायची, पाटीत भरायची आणि किलोवर विकायची. भाव चढला तर दिवाळी गोड. भाव पडला तर फुले बांधावर टाकून द्यायची. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र निराळी शेवंती आहे. ती तोडायची नाही. मुळासकट, कुंडीसकट घरात ठेवायची. असे वाण कसे तयार होते, आणि ते आपल्या जिल्ह्यात तयार होऊ शकेल काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न मला सुचला तो एका फजितीमुळे. दोन वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून मी एक कुंडी आणली होती. झाड वीतभर उंच, चेंडूसारखे गोल, आणि पान दिसू नये इतकी फुले. फुले सरल्यावर बुडाशी फुटलेले कोंब, म्हणजेच काश्या, मी मोठ्या हौसेने दुसऱ्या कुंडीत लावल्या. पुढच्या हिवाळ्यात तेच झाड कमरेपर्यंत वाढले, एका अंगाला कलले आणि खालची पाने पिवळी पडून गळाली. तेव्हा घरच्या वाफ्यातील काश्या आणून लावल्या. त्यांचीही तीच गत. आई म्हणाली, "अरे, रानातलं पीक कुंडीत घातलं म्हणून ठेंगणं होतंय का?"

आईचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे पुढे वाचन करताना ध्यानात आले. विक्रीला येणाऱ्या कुंडीतील पुष्कळशा शेवंतीचा ठेंगणेपणा बाहेरून दिलेला असतो. शेंडा वारंवार खुडून फांद्या वाढवतात. काठीला बांधून झाड सरळ ठेवतात. डॅमिनोझाइडसारखे वाढरोधक द्रव्य फवारतात. हे द्रव्य वनस्पतीतील जिबरेलिन या संप्रेरकाची निर्मिती रोखते, त्यामुळे पेऱ्यांमधील अंतर कमी राहते. फवारणी थांबली, परिणाम ओसरला, की झाड आपल्या मूळ स्वभावावर जाते. म्हणजे आपण विकत आणतो तो कित्येकदा एका हंगामाचा देखावा असतो. झाडाच्या अंगचा ठेंगणेपणा ही वेगळी गोष्ट आहे. तो काश्यांबरोबर पुढच्या वर्षी जातो, शेजाऱ्याला दिला तर त्याच्याकडेही जातो. कुंडीसाठी नवे वाण निपजवणे म्हणजे हा दुसरा ठेंगणेपणा शोधणे होय.

वाण कसे हवे?

शोध घेण्यापूर्वी काय शोधायचे ते ठरले पाहिजे. साधारण सहा इंची कुंडीत झाडाची उंची कुंडीच्या दीडपट ते दुप्पट असावी, म्हणजे ते डोळ्यांना शोभते. शेंडा न खुडता फांद्या आपोआप फुटाव्यात. देठ ताठ असावा, काठी लागू नये. सर्व फुले जवळजवळ एकाच वेळी उमलावीत आणि पुष्कळ दिवस टिकावीत. बुडाची पाने शेवटपर्यंत हिरवी राहावीत. शिवाय आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. एखाद्या दुपारी पाणी चुकले तर लगेच मान टाकणारे झाड येथे उपयोगाचे नाही. फुलाचा रंग ही या यादीतील शेवटची बाब, परंतु नवखा माणूस नेमकी तीच पहिली पाहतो.

फुलाची रचना

आपण ज्याला शेवंतीचे एक फूल म्हणतो, तो वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचा स्तबक आहे. कडेच्या लांब पाकळ्या म्हणजे किरणपुष्पके. त्यांत पुंकेसर नसतात, केवळ स्त्रीकेसर असतो. मधल्या पिवळ्या चकतीत बिंबपुष्पके असतात. ती द्विलिंगी असून पराग त्यांच्यात तयार होतो. पाकळ्यांनी गच्च भरलेल्या फुलात बिंबपुष्पके थोडी, म्हणून परागही थोडा. असे झाड संकरात आई म्हणून घ्यावे आणि उघड्या चकतीच्या एकेरी फुलाचे झाड बाप म्हणून घ्यावे, हे सोयीचे पडते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शेवंतीला स्वतःचा पराग सहसा चालत नाही. बी धरण्यासाठी दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. त्यातच बागेतल्या शेवंतीच्या पेशीत साधारणपणे ५४ गुणसूत्रे असतात, नऊ-नऊचे सहा संच. माणसात संच दोनच. सहा संचांत कित्येक गुण झाकून राहतात आणि पुढच्या पिढीत अवचित वर येतात. म्हणूनच एकाच फुलाच्या बियांतून उगवलेली दहा रोपे दहा तऱ्हांची निघतात. शेतकरी शेवंती बियांपासून का लावत नाही, त्याचे उत्तर यात आहे. आणि नवे वाण शोधणारा बियांकडे का वळतो, त्याचेही.

संकर आणि निवड

फुले उमलू लागली की आईझाडाच्या निवडलेल्या फुलाच्या लांब पाकळ्या कात्रीने आखूड करतात. त्यामुळे आत दडलेल्या कुक्षी उघड्या पडतात. बापझाडाचा पराग मऊ कुंचल्याने त्यांवर लावतात आणि फूल कागदी पिशवीने झाकतात. पुष्पके कडेकडून मध्याकडे क्रमाने उमलत असल्याने हे काम दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा करावे लागते. पुढे फूल सुकते आणि बी पक्व होते. नोव्हेंबर-डिसेंबरात केलेल्या संकराचे बी उन्हाळ्याच्या तोंडाशी पेरले, तर रोपे पुढच्या हिवाळ्यात फुलावर येतात. शेवंती ही लहान दिवसाची वनस्पती. रात्री पुरेशा लांबल्याखेरीज ती कळी धरीत नाही. वनस्पतींचा हा स्वभाव गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडला. त्याच ज्ञानाच्या बळावर आज रात्री दिवे लावून शेवंतीचा बहर लांबवतात.

खरी कसोटी येथून पुढे आहे. रोपे कुंडीतच वाढवायची आणि त्यांचे कोणतेही लाड करायचे नाहीत. शेंडा खुडायचा नाही, काठी द्यायची नाही, वाढरोधक फवारायचे नाही. बहुतेक रोपे उंच, विरळ, वेडीवाकडी निघतील. ती मन घट्ट करून काढून टाकावी लागतात. एखादेच रोप आपल्या यादीला उतरते, आणि कधी कधी तेही नाही.

मात्र शेवंतीत एक मोठी सवलत आहे. ज्वारी-बाजरीसारख्या पिकात चांगले झाड सापडले तरी त्याचा गुण स्थिर करण्यास पिढ्यान् पिढ्या खर्ची पडतात. शेवंतीचे एक चांगले झाड सापडले, की त्याच्या छाटांपासून हुबेहूब तसेच झाड तयार होते. पुढील दोन हिवाळे अशी छाटांची रोपे लावून पाहायची. सगळी एकसारखी आली आणि दोन्ही वर्षे तशीच आली, तर वाण हाती लागले असे म्हणता येते. म्हणजे हिशेब तीन हिवाळ्यांचा झाला, आपल्या बी. ए.च्या तीन वर्षांएवढा.

लखनौचे उदाहरण

हे केवळ पुस्तकी बोलणे नव्हे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्थेने नेमके हेच काम केले. १९४८ साली राष्ट्रीय वनस्पति उद्यान म्हणून सुरू झालेल्या आणि १९७८ पासून आजचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेने छोट्या फुलांच्या अशा शेवंत्या तयार केल्या, की ज्यांना खुडावे लागत नाही आणि बांधावेही लागत नाही. 'हेमंत सिंगार', 'शरद सिंगार', 'अरुण सिंगार' ही त्यांतील काही नावे.

याच संस्थेत डॉ. एस. के. दत्ता यांनी दुसऱ्या वाटेनेही काम केले. ती वाट उत्परिवर्तनाची. मुळे फुटलेल्या छाटांवर कोबाल्ट-६० पासून निघणाऱ्या गॅमा किरणांचा मारा करतात. त्याचे प्रमाण साधारण १५ ते २५ ग्रे असते. त्यामुळे एखाद्या पेशीतील गुणधर्म बदलतो आणि निराळ्या रंगाची किंवा आकाराची फांदी, कधी तर फुलाच्या कडेला एखादीच निराळी पाकळी दिसते. झाड अर्धे जुने, अर्धे नवे असते. तेवढ्या नव्या भागापासून ऊतिसंवर्धनाने संपूर्ण रोप उभे करण्याच्या पद्धती तेथे विकसित झाल्या.

किरणांचा मारा आपल्या आवाक्यातला नाही. परंतु निसर्ग हाच प्रकार स्वतःहून, क्वचित का होईना, करीत असतो. पिवळ्या झाडाला अचानक एक पांढरी फांदी येते. उंच ओळीत एखादे झाड बुटके राहते. बुटके झाड रोगाने किंवा खत-पाण्याच्या कमतरतेने खुरटलेले असू शकते, म्हणून ते लगेच खरे मानू नये. अशा फांदीला दोरा बांधून ठेवावा, तिचेच छाट घ्यावेत आणि पुढच्या वर्षी पाहावे. आपल्या जिल्ह्याचे भांडवल नेमके येथे आहे. प्रयोगशाळेत शे-दोनशे कुंड्या असतील, आपल्या रानात झाडे हजारोंनी आहेत. पहाटे फुले तोडणाऱ्या बायांच्या हाताखालून त्यातले प्रत्येक झाड हंगामात अनेकदा जाते. वेगळे झाड त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पण वेगळे म्हणून ते उपटले जाते. दोरा बांधावा, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

कायद्याची बाजू

नवे वाण हाती आले तर त्यावर हक्क कोणाचा? भारतात २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. वाण नवे, इतरांहून वेगळे, एकसारखे आणि स्थिर असेल, तर त्याची नोंदणी होऊ शकते. शेतकऱ्याने तयार केलेल्या किंवा जतन केलेल्या वाणाचीही दखल हा कायदा घेतो. संरक्षित वाण नव्या संकरासाठी मूळ म्हणून वापरण्याची मुभा आहे. मात्र दुसऱ्याच्या वाणाचे छाट आपल्या नावाने विकण्याची नाही. म्हणून कोणत्या झाडाचा पराग कोणत्या फुलावर, कोणत्या तारखेला लावला, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवली पाहिजे. ज्याची नोंद नाही, त्या वाणाला आई-बाप नाहीत.

समारोप करताना एक सूचना मांडावीशी वाटते. आपले महाविद्यालय कला शाखेचे आहे, हे खरे. परंतु या कामाला सूक्ष्मदर्शकापेक्षा कात्री, कुंचला, वही आणि धीर यांची गरज अधिक आहे. आपल्यातील कित्येकांची घरे शेवंतीवर चालतात. राहुरीचे महात्मा फुले कृषि विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे, पुण्याचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय काही तासांच्या अंतरावर आहे. सल्ला मागायला लांब जावे लागणार नाही. आवारात वीस कुंड्या ठेवल्या तरी आरंभ होईल. त्यातून वाण निघेलच असे नाही. पण पुढच्या हंगामात आपल्यापैकी प्रत्येकाने घरच्या वाफ्यात एखाद्या वेगळ्या फांदीला दोरा बांधला, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन. माझा दोरा बांधून झाला आहे. झाड बुटके आहे की नुसतेच खुरटलेले, ते या हिवाळ्यात कळेल.