चेंबरचे बोल्ट किती आवळावेत?

प्रश्न : माझ्या जुन्या मारुती 800 खाली तेलाचे थेंब पडतात. चेंबरचे बोल्ट सैल झाले असतील का?

उत्तर : शक्य आहे, पॅकिंग दबलं की बोल्टची पकड जाते. पण आधी चेंबर पुसून एक फेरी मारा. पुष्कळदा तेल वरून, टॅपेट कव्हरमधून ओघळतं आणि दोष चेंबरला लागतो. इंजिन थंड असताना, गाडी पक्क्या स्टँडवर घेऊन (नुसत्या जॅकवर कधीच खाली शिरू नका!) 10 नंबरच्या पान्याने प्रत्येक बोल्ट तपासा. सहा मिलिमीटरच्या या बोल्टांना साधारण 10 न्यूटन-मीटर पुरे. जोर लावलात तर पत्रा वाकतो, गळती उलट वाढते. तरीही थेंब थांबले नाहीत, तर पॅकिंगच बदला.