एआयची सीट नको असलेल्या मुलीसाठी

सीईटीचा निकाल लागला की फोन सुरू होतात आणि प्रश्न एकच असतो: एआयला नंबर लागेल का, नाहीतर मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ का? मुलगी केमिस्ट्रीत रमते, कोडिंगचं नाव काढलं की गप्प होते, तरी तिला तिकडेच ढकलायचं असतं. पालकहो, स्पष्टच सांगते. निर्णय तुमच्या धास्तीने होतो आणि चार वर्षं ती भोगते.

इंजिनिअरिंग, मेडिकल, सीए यांची माहिती गल्लोगल्ली मिळते. मी एका दुर्लक्षित कामाबद्दल बोलणार आहे: पावसाळी नाल्यांमुळे समुद्राचं पाणी किती बिघडतं, ते मोजणं.

मुंबईत पर्जन्यजल वाहिन्यांची दीडशेहून जास्त पातमुखं समुद्रात आणि खाड्यांत उघडतात. त्या पावसाच्या पाण्यासाठी बांधल्या. मग मार्चमध्ये, थेंबभर पाऊस नसताना, त्यांतून काय वाहतं? बरंचसं सांडपाणी. ते कुठून शिरलं, किती आहे आणि किनाऱ्यावर कुठवर पसरतं, हे शोधायचं. भरतीला पाणी नाल्यात तुंबतं, ओहोटीला बाहेर पडतं. म्हणून एकाच जागेचे सकाळ-दुपारचे आकडेही जुळत नाहीत. पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यांवरचं तेल आणि साचलेली घाण एकदम धुऊन येते. नमुना दुसऱ्या दिवशी घेतला तर ती निसटते. जिवाणूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली आणि बर्फाची पेटी लागते. आपल्या मानकांनुसार समुद्रस्नानाच्या पाण्यात 100 मिलीलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म 100 पर्यंतच चालतात. जुहूला तुमचं मूल ज्या पाण्यात खेळतं, त्याचा हा हिशेब आहे.

या कामाकडे जाणारी वाट अशी: रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी, मग पर्यावरण वा सागरी विज्ञानात एमएस्सी. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकवतात. सिव्हिलवाल्यांना आयआयटी मुंबईचा पर्यावरण विभाग आहे. कामासाठी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी), प्रदूषण नियंत्रण मंडळ, खासगी प्रयोगशाळा. सुरुवातीचा पगार बेताचा, नेमणुका बहुधा प्रकल्पापुरत्या. हे आधीच जाणून घ्या. पण 'नाल्याचं पाणी तपासते' असं नातेवाइकांना सांगायची लाज वाटते, एवढ्यासाठी तिचा अर्ज बदलू नका.

आणि बीएस्सीचा अर्ज इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड संपेपर्यंत लटकवू नका; चांगल्या कॉलेजांतल्या जागा त्याआधीच भरतात.