पाणवठ्याची वाट

साताऱ्याहून कासच्या पठारावरून पुढे गेलं, की बामणोली लागते. तिथून वासोट्याला लाँच जाते. कोयना धरणाच्या पाण्याला शिवसागर म्हणतात. त्यातून सुमारे दीड तास गेलं, की किल्ल्याचा पायथा येतो. या किल्ल्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. इथून थेट दक्षिणेला, सांगली जिल्ह्यातल्या चांदोलीपर्यंत रान पसरलं आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

पुष्कळ मंडळी विचारतात, "गुरुजी, एवढं लांब जायचं, मग रात्री काठावरच राहुटी ठोकली तर काय बिघडलं? वनखातं मुक्काम का करू देत नाही?" प्रश्न रास्त आहे.

आपल्या मनात भीती असते वाघाची आणि बिबट्याची. पण या रानात आधी जपावं ते गव्यापासून. गवा अंगाने काळा. गुडघ्याखाली पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे. थोराड नराचं वजन हजार किलोच्या घरात जातं. म्हणजे आपले दोन खिलार बैल एकत्र केले असं समजा! गवत खातो म्हणून त्याला गरीब समजू नये. माणसाचा वास आला की तो बहुधा आपणहून निघून जातो. पण वाट अडली, तर अंगावर येतो.

ही वाट अडते पाणवठ्यावर. उन्हाळ्यात आतले ओढे आटतात. दिवसा माणसांची वर्दळ, म्हणून जनावर अंधार पडल्यावर पाण्याला उतरतं. धरणामुळे आणि पुढे अभयारण्यामुळे इथली कितीतरी गावं उठली. त्यांची मोडकी जोती, पडीक शेतं रानात आहेत. तिथे आता गवे चरतात. राहुटीला आपल्याला अशीच सपाट, पाण्याजवळची जागा आवडते! तिथे चूल पेटवली, गाणी म्हटली, की जनावर पिल्लासकट तहानलेलं माघारी जातं. नाहीतर बिथरतं.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडे बोट्स्वाना देश आहे. तिथे मोरेमीच्या रानात प्रवासी मोटारी घेऊन दिवसच्या दिवस हिंडतात. कुंपण नसलेल्या जागी तंबूत निजतात. याला सफारी म्हणतात. आपला 'सफर' शब्द तोच. पण तिथेही मुक्कामाच्या जागा नेमून दिलेल्या आहेत. पाणघोडा रात्री पाण्याबाहेर येऊन चरतो आणि मळलेल्या वाटेने परततो. त्या वाटेत तंबू घालणं म्हणजे मरण ओढवून घेणं. झोपण्यापूर्वी खाण्याच्या वस्तू मोटारीत बंद करतात. शेजारच्या झिंबाब्वेत, माना पूल्सच्या रानात, ताजी फळं न्यायला बंदी आहे, कारण हत्ती वासाने तंबूपर्यंत येतो.

गवा दिसला तर जागीच थांबा. ओरडू नका, दगड मारू नका, फोटोसाठी पुढे तर मुळीच जाऊ नका. त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरका. त्याला जायला वाट मोकळी ठेवा.

मुक्काम बामणोलीत किंवा तापोळ्यात करावा. तिथे राहण्याजेवण्याची सोय होते. सकाळच्या पहिल्या लाँचने निघा. परतायची वेळ नावाड्याला आधीच विचारून ठेवा, नाहीतर तुम्ही गडावर रमाल आणि तो बिचारा खाली खोळंबेल.