सही करण्याआधी पट वाच

अगं, शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झालीस, फार बरं वाटलं. आता थोरली म्हणून दोन गोष्टी कानात सांगते. सभेत यू-डायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी माहितीची, छापील पानं पुढ्यात येतील. सगळे मान डोलावतील, तू डोलावू नकोस. कायद्याने या समितीत पाऊण जागा पालकांच्या आणि निम्म्या बायकांच्या आहेत, त्या विचारण्यासाठीच.

आधी पट, म्हणजे शाळेतल्या मुलांची नोंदलेली संख्या, बघ. 30 सप्टेंबरचा पट धरतात, आणि पुढचं बरंचसं त्यावर ठरतं. संचमान्यतेत शिक्षकांची किती पदं मिळणार, तेही. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक, असं 2009चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. समग्र शिक्षा योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदानही पटावरच. पट 31 ते 100 असेल तर वर्षाला 25 हजार, 101 ते 250 असेल तर 50 हजार. त्यातच लाइट बिल, खडू, नळाची दुरुस्ती आणि संडासाची सफाई बसवायची. म्हणजे पट 100 की 101, यावर 25 हजारांचा फरक पडतो. म्हणून कुणी खोटं नाव घाला म्हणालं तर साफ नाही म्हण. पण दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून एखादं लेकरू वेशीवरच राहिलं असेल, तर त्याला हाताला धरून आण. कागदाअभावी प्रवेश अडवता येत नाही.

एकूण बेरजेवर मात्र कधीच थांबू नकोस. इयत्तावार बघ आणि मुलींचा पट वेगळा मांड. शाळा सातवीपर्यंतच असेल, तर सातवीतून दाखला घेऊन गेलेल्या मुलींची यादी माग आणि एकेकीचं नाव घेऊन विचार, आठवीला कुठे बसली? कुणाची आई म्हणेल, ‘लांब पडतं, एसटी वेळेवर येत नाही.’ हे उत्तर यू-डायसच्या कुठल्याच रकान्यात मावत नाही, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. जातीचे रकाने वाचताना आवाज जपून. शिष्यवृत्तीला कोण पात्र आहे आणि कुणाचा अर्ज राहिलाय एवढ्यापुरतेच ते, गावात चर्चा करायला नाहीत.

आता आपल्या भागाचं दुखणं. सप्टेंबरात वर्ग भरलेला दिसतो, आणि दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यामुळे डिसेंबरचा हजेरीपट उघडायला लाव. एकाच आडनावाची भावंडं ओळीने गैरहजर दिसली की समज, कोयता निघालाय. ती पोरं कारखान्यावर गेली असतील तर तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड दिलं होतं का, हे विचार. आजीपाशी राहू शकतील अशांची नावं हंगामी वसतिगृहासाठी टोळी निघायच्या आधीच गोळा कर, नंतर धावपळ करून काही हाती लागत नाही.

खर्चाचं पान वाचताना पावती आणि वस्तू दोन्ही बघ. दुरुस्ती लिहिलेला नळ स्वतः सोडून बघ, मुलींच्या संडासाची कडी लावून बघ. मुख्याध्यापकांशी मात्र भांडणाच्या सुरात बोलू नकोस. ही सगळी माहिती भरताना त्यांचेही शिकवण्याचे तास जातात. ‘सर, मला समजावून सांगा’ एवढंच म्हण आणि वही-पेन घेऊन शेजारी बस.

पुढच्या सभेआधी सातवीच्या मुलींची यादी मला फोनवर वाचून दाखव, आपण दोघी मिळून बघू.