सलाम फेरल्यानंतरची दुआ

प्रिय भाच्यास,

फर्ज नमाजनंतर पेशइमाम हात उचलून दुआ मागतात, जमात आमीन म्हणते, आणि तुझ्या खोलीवरची दोन मुलं सलाम फिरताच उठून जातात. त्यावरून मशिदीत शब्दाला शब्द लागतो, असं तू कळवलंस.

तुझ्या भिलाईत असं होणं नवल नाही. तिथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि देशभरातून माणसं कामाला आली. अशा वसाहतीत उत्तर प्रदेश-बिहारचे हनफी, केरळचे आणि आपल्या रत्नागिरीकडचे शाफई, शिवाय अहले हदीस असे सगळे एकाच सफेत उभे राहतात. प्रत्येकाला आपल्या गावची रीत हाच दीन वाटतो.

ज्याबद्दल वाद नाही ते आधी पाहावं. सलाम फेरल्यावर पैगंबर (स.) तीनदा इस्तिगफार पढत, ही सौबान (रजि.) यांची हदीस सही मुस्लिममध्ये आहे. ३३-३३ वेळा तस्बीह पढणंही हदीसमध्येच आहे. फर्ज नमाजनंतरची दुआ अधिक ऐकली जाते, असं तिर्मिजीमधली एक रिवायत सांगते. म्हणजे दुआला कुणाचाच विरोध नाही. रोज, पाचही वेळा, इमामाने मोठ्याने मागायची आणि सगळ्यांनी आमीन म्हणायचं, ही ठरावीक पद्धत पैगंबरांपासून (स.) साबित आहे का, एवढाच प्रश्न आहे. इब्ने तैमिया (मृत्यू १३२८) यांनी साफ नाही म्हटलं आणि तिला बिदअत ठरवलं.

सर्वांत बोलका दाखला स्पेनमधल्या ग्रॅनाडाचा आहे. मालिकी आलिम शातिबी (मृत्यू १३८८) इमामत करू लागले तेव्हा त्यांनी ही सामूहिक दुआ मागितली नाही. लगेच ओरड झाली की, या माणसाच्या मते दुआचा काही फायदाच नाही! ‘अल-इतिसाम’च्या सुरुवातीला त्यांनी ही हकिगत दुःखाने लिहून ठेवली आहे. दुआच्या बाजूने उभे राहिले ते ग्रॅनाडाचे मुफ्ती इब्ने लुब्ब, खुद्द शातिबींचे उस्ताद. तुमच्या मशिदीतल्या तक्रारी सहाशे वर्षांपूर्वीच होऊन गेल्या आहेत.

हिंदुस्थानातल्या हनफी आलिमांनी दुआची बाजू घेतली. मौलाना अशरफ अली थानवी आणि मुफ्ती किफायतुल्लाह देहलवी या दोघांनी त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिल्या. उलट देवबंदचेच अन्वर शाह काश्मिरी म्हणतात की, नेमकी ही पद्धत सुन्नतमधून साबित नाही. अहले हदीसचे मौलाना अब्दुर्रहमान मुबारकपुरी मात्र नमाजनंतर हात उचलून दुआ मागणं जायज मानतात. तेव्हा टोपी पाहून कुणाचं मत ठरवू नये. आपल्या शाफई मजहबात इमाम नववी नमाजनंतरची दुआ इमाम आणि मुक्तदी दोघांसाठी मुस्तहब सांगतात. इमाम शाफई ‘अल-उम्म’मध्ये जिक्र हळू आवाजात करायला सांगतात, लोकांना शिकवायचं असेल तेवढ्यापुरताच आवाज चढवावा.

हे हळू आवाजाचं फार मोलाचं आहे. मागे कुणाची रकात सुटलेली असते, तो एकटा उभा राहून ती पुरी करतो, आणि मोठ्या आवाजातल्या दुआने त्याची किरात विस्कटते. मशिदीत कुणी मत विचारलं तर हीच गोष्ट आधी सांग, कारण त्यावर दोन्ही बाजूंचे लोक सहज राजी होतील.

नमाज सलामाबरोबर पूर्ण होते. म्हणून उठून जाणारा गुन्हेगार नाही, त्याला टोकणं चूक आहे. बसलेल्यांना बिदअती म्हणून हिणवणंही तितकंच चूक, आणि ते तुझ्या खोलीवरच्या मुलांना तूच समजावून सांग. वेळ असेल तेव्हा बस, आमीन म्हण. शिफ्टची घाई असेल तर ऊठ. तस्बीह वाटेत चालताना पढता येते. फक्त मागे कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या पुढून जाऊ नको, त्याचा सलाम होईपर्यंत थांब. त्याबद्दलची ताकीद बुखारीत आहे आणि तिच्यावर सगळ्यांचं एकमत आहे.

तुझा मामू